मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी इंग्रजीचा घरचा सराव : एकाच उताऱ्यातून वाचन, शब्द आणि व्याकरण

इंग्रजी सुधारायचं ठरलं की बहुतेक घरांत तीन गोष्टी येतात : व्याकरणाचं जाड पुस्तक, ‘रोज दहा शब्द’ असली यादी आणि इंग्रजी वर्तमानपत्र. पुस्तक काळांच्या तक्त्यापाशी अडतं. यादीतले शब्द पंधरा दिवसांत पुसले जातात. अग्रलेखाच्या पहिल्याच परिच्छेदाला सात-आठ वेळा शब्दकोश उघडावा लागतो आणि परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. मग ‘मला इंग्रजी जमणारच नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ चुकीचा असतो. मेहनत झालेली असते, पण क्रम उलटा असतो आणि या तिन्ही कामांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

इथे दिलेल्या पद्धतीत एकच उतारा आठवडाभर वापरायचा आहे. तोच वाचायचा, त्यातलेच शब्द उचलायचे, त्याचंच भाषांतर करायचं आणि त्या भाषांतरात ज्या चुका निघतील तेवढंच व्याकरण त्या आठवड्यात शिकायचं. ज्यांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता येतात, शाळेत इंग्रजीत पास होण्यापुरते गुणही मिळाले, पण अख्खं पान समोर आलं की दडपण येतं, अशांसाठी हे आहे. बोलण्याचा सराव हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

एक सूचना आधीच. इंग्रजी उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून या लेखात देवनागरीत दिली आहेत. तुमच्या वहीत मात्र प्रत्येक इंग्रजी शब्द रोमन लिपीतच लिहा. देवनागरीत लिहिलेला शब्द ऐकू येतो, पण पुढच्या वेळी पानावर दिसला तर डोळ्यांना ओळखू येत नाही.

तयारी : उतारा, शब्दकोश, वही

तयारीत सगळ्यात मोठी चूक उतारा निवडताना होते, म्हणून त्यावर जरा थांबू.

‘रोज इंग्रजी पेपर वाच’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. सुरुवात करणाऱ्यासाठी तो वाईट सल्ला आहे. हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतले किती शब्द माहीत असले तर परकी भाषा शिकणाऱ्याला ती कोणाच्या मदतीशिवाय नीट कळते, हे त्यांनी तपासलं. उत्तर आलं साधारण ९८ टक्के. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी चालतात. पुढे २००६ साली पॉल नेशन यांनी हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. डिसाइड, डिसायडेड, डिसिजन हे सगळे मिळून एक शब्दकूळ. मराठी माध्यमातून बारावी झालेल्याकडे एवढा साठा सहसा नसतो, त्यामुळे पेपर उघडला की अडखळायला होणारच.

पेपरची दुसरी अडचण मथळ्यांची. मथळ्यांचं व्याकरण वेगळं असतं. ‘सीएम टू व्हिजिट लातूर’ यातला ‘टू’ भविष्यकाळ सांगतो. ‘टू हेल्ड इन थेफ्ट केस’ म्हणजे दोघांना पकडलं. घडून गेलेली गोष्ट मथळ्यात वर्तमानकाळात येते, आणि ‘अ’, ‘द’ गाळलेले असतात. नवखा वाचक सगळ्यात जास्त मथळेच वाचतो आणि ही गाळागाळ त्याच्या लिहिण्यात उतरते.

मग काय घ्यायचं? माझी पहिली पसंती बालभारतीच्या पुस्तकांना. सहावी-सातवीचं विज्ञान किंवा भूगोल इंग्रजी माध्यमासाठी इंग्रजीत असतं आणि तेच मराठी माध्यमासाठी मराठीत. दोन्हींच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. विषय ओळखीचा असल्यामुळे अर्थाचा अंदाज बरोबर येतो, आणि अडलं तर मराठी आवृत्ती हाताशी असते. इंग्रजी विषयाच्या पाठ्यपुस्तकातल्या कविता आणि जुन्या गोष्टी मात्र आत्ता नकोत, त्यांची भाषा आजच्या वापराहून दूर असते. माहितीपर मजकूर कंटाळवाणा वाटत असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चार पातळ्यांमध्ये लावलेल्या गोष्टी आहेत. त्यांतल्या पुष्कळ मराठीतही आहेत. मोठ्यांच्या विषयांवर सोपं वाचायचं असेल तर विकिपीडियाची ‘सिंपल इंग्लिश’ आवृत्ती बघा.

तपासणी : उताऱ्यातले सलग १०० शब्द मोजा आणि ज्यांचा अर्थ अजिबात माहीत नाही त्यांच्याखाली रेघ मारा. रेघा दोनपर्यंत असतील तर तो उतारा सहज वाचनासाठी. तीन ते पाच असतील तर आठवड्याच्या सरावासाठी योग्य. पाचाच्या वर गेल्या तर पुस्तक बाजूला ठेवा आणि एक इयत्ता खाली या. इथे लाज बाळगली की पुढचं सगळं बिघडतं.

सरावाचा उतारा १५० ते २०० शब्दांचा असावा, त्याहून मोठा नको. त्याची झेरॉक्स काढा, कारण त्यावर खुणा करायच्या आहेत.

शब्दकोश इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, म्हणजे ‘लर्नर्स डिक्शनरी’ प्रकारचा हवा. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज या तिघांचेही असे कोश नेटवर मोफत आहेत. लाँगमनच्या कोशात अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत लिहिलेले असतात. या कोशांत नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ असं अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं नाम, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. आपण ते अक्षर वाचतच नाही, आणि पुढे ‘अ’, ‘द’च्या निम्म्या चुका त्यामुळेच होतात. इंग्रजी-मराठी कोश झाडं, पक्षी, आजार, अवजारं यांच्यासाठी जरूर वापरा. ‘मेझल्स’ म्हणजे गोवर हे एका शब्दात कळत असताना चार ओळींची इंग्रजी व्याख्या वाचण्यात अर्थ नाही.

वही एकच, पण दोन भागांची. पुढून भाषांतर, मागून चुका.

टप्पा १ : वाचन (पहिले दोन दिवस)

१. पहिलं वाचन शब्दकोशाशिवाय, न थांबता. अनोळखी शब्द आला तरी पुढे जा. संपल्यावर उतारा उलटा ठेवा आणि तो कशाबद्दल होता ते मराठीत दोन वाक्यांत लिहा. मराठीतच लिहा. आत्ता समज तपासायची आहे, इंग्रजी लिहिण्याची परीक्षा नाही.

२. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. प्रत्येक वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधा आणि त्याभोवती गोल करा. मराठी वाचकाची वाचनातली सगळ्यात मोठी अडचण इथे आहे, आणि ती शब्दसंग्रहाची नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण वाक्याच्या शेवटापर्यंत वाट बघतो. इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येतं आणि बाकीचा पसारा त्याच्या मागून येतो. शिवाय मराठीत विशेषण म्हणून येणारा मजकूर नामाच्या आधी असतो, तर इंग्रजीत लांबलचक मजकूर नामाच्या नंतर येतो.

हे वाक्य बघा : ‘द फार्मर्स इन्व्हायटेड टू द मीटिंग सॅट इन द फ्रंट रो.’ घाईत वाचणारा ‘शेतकऱ्यांनी सभेला बोलावलं’ असं समजतो आणि ‘सॅट’पाशी गोंधळतो. खरा अर्थ ‘सभेला बोलावलेले शेतकरी पुढच्या रांगेत बसले’ असा आहे. ‘इन्व्हायटेड’ हे इथे आपल्या ‘बोलावलेले’चं काम करतं. कसोटी सोपी आहे : संशयित शब्दाच्या आधी मनात ‘हू वेअर’ किंवा ‘व्हिच वॉज’ घालून बघा. वाक्य नीट लागलं तर तो शब्द मुख्य क्रियापद नाही, गोल पुढच्या शब्दाला करायचा.

३. तिसरं वाचन तुकडे पाडून. जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे तिरकी रेघ मारा : द फार्मर्स / इन्व्हायटेड टू द मीटिंग / सॅट / इन द फ्रंट रो. प्रत्येक तुकड्याचा अर्थ त्याच जागी लावा आणि पुढे सरका. वाक्याच्या शेवटी जाऊन तिथून उलटं मागे येत मराठी वाक्य जुळवण्याची सवय शाळेत लागलेली असते. ती मोडली नाही तर वाचनाचा वेग कधीच वाढत नाही.

४. ‘इट’, ‘दे’, ‘दिस’, ‘व्हिच’ दिसला की तो कोणाबद्दल आहे ते बाण काढून दाखवा. मराठीत तो, ती, ते या लिंगभेदामुळे संदर्भ बराचसा आपोआप कळतो. इंग्रजीत मात्र नदी, डोंगर, पुस्तक सगळ्यांना ‘इट’च.

सावधान : वाक्याचा अर्थ उलटवणारे छोटे शब्द नजरेतून सुटतात. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कोणी आलं नाही, तर ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडे लोक आले. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो, मेहनत करतो असं मुळीच नाही. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, म्हणून ‘अनलेस यू डोन्ट पे’ असं लिहिलं की अर्थ फिरतो. असे शब्द दिसले की चौकट करा.

तपासणी : दुसऱ्या दिवशी बालभारतीची मराठी आवृत्ती उघडा आणि तुमची दोन वाक्यं तिच्याशी ताडून बघा. मुख्य मुद्दाच हुकला असेल तर पुढचा टप्पा नको, पुन्हा क्रियापदं शोधा.

टप्पा २ : शब्द (दुसरा आणि तिसरा दिवस)

आता शब्दकोश उघडायचा. रेघ मारलेला प्रत्येक शब्द शिकायचा नाही. दोन प्रश्न विचारा. हा शब्द नसता तर अर्थ अडला असता का? आणि हा शब्द पुन्हा भेटण्याची शक्यता आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दकोशच देतो. ऑक्सफर्डच्या कोशात सर्वांत उपयोगी सुमारे ३००० शब्दांना किल्लीची खूण असते. खूण असेल तर शब्द घ्या. नसेल आणि अर्थही अडत नसेल तर सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका. एका उताऱ्यातून सहा ते आठ शब्द पुरेत.

प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू यासाठी उत्तम. समोरच्या बाजूला उताऱ्यातलं मूळ वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रिकामी रेघ ठेवा. मागच्या बाजूला शब्द, त्याचा साधा अर्थ, आणि त्याच्यासोबत येणारा शब्द.

सोबत येणारा शब्द का, ते समजून घ्या. ‘मिस्टेक’ एकटा पाठ केला तर आपण ‘आय डिड अ मिस्टेक’ लिहितो, कारण मराठीत चूक ‘करतात’. इंग्रजीत ‘मेक अ मिस्टेक’, पण ‘डू होमवर्क’ आणि ‘टेक अ फोटो’. पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. या जोड्यांमागे नियम शोधत बसू नका. कार्डावर जोडीच लिहा आणि जोडीच पाठ करा. क्रियापद किंवा विशेषण असेल तर त्यामागचं शब्दयोगी अव्ययही त्याच कार्डावर : ‘डिपेंड ऑन’, ‘लिसन टू’, ‘अफ्रेड ऑफ’. टप्पा ४ मध्ये याचा मोठा फायदा होतो.

कार्ड बघण्याच्या तारखा : दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. समोरचं वाक्य वाचून शब्द आठवायचा, तोंडाने म्हणायचा, मगच कार्ड उलटायचं. आठवला नाही तर ते कार्ड पुन्हा पहिल्या पायरीवर. कार्ड उलटून ‘हो, हा माहीत होता’ म्हणणं म्हणजे सराव नव्हे. शब्द आठवायला जो ताण पडतो त्यानेच तो पक्का होतो.

सावधान : मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द सर्वांत जास्त फसवतात, कारण ते शोधायला आपण शब्दकोश उघडतच नाही. आपलं ‘हॉटेल’ म्हणजे जेवायची जागा, इंग्रजी पुस्तकातलं हॉटेल राहायची. आपली ‘गॅलरी’ घराला असते, इंग्रजीत तिला बाल्कनी म्हणतात आणि गॅलरीत चित्रं लावलेली असतात. ‘पेशंट सिरियस आहे’ हे आपण सर्रास म्हणतो, पण ‘अ सिरियस मॅन’ म्हणजे गंभीर स्वभावाचा माणूस. ओळखीचा शब्द वाक्यात विचित्र बसतोय असं वाटलं की कोश उघडाच.

दुसरा सापळा जोड्यांचा. मराठीत पुस्तक नेलं काय नि दिलं काय, दोन्हीकडे ‘उसनं’. इंग्रजीत घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’. ‘बघणं’ एकच, तिकडे ‘सी’, ‘लुक ॲट’, ‘वॉच’. ‘म्हणणं’ आणि ‘सांगणं’ यांच्या जागी ‘से’ आणि ‘टेल’ येतात, पण त्यांची बांधणी वेगळी आहे : ‘ही टोल्ड मी’, मात्र ‘ही सेड टू मी’. असे शब्द एका कार्डावर शेजारी शेजारी लिहू नका, ते एकमेकांत मिसळतात. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्या.

टप्पा ३ : उलट भाषांतर (तिसरा आणि सहावा दिवस)

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे. घरी एकट्याने लिहिणाऱ्याची अडचण अशी की लिहिलेलं बरोबर की चूक हे सांगायला कोणी नसतं. उलट भाषांतरात मूळ उताराच उत्तरपत्रिका होतो.

१. तिसऱ्या दिवशी उताऱ्यातल्या ६० ते ८० शब्दांच्या एका परिच्छेदाचं मराठीत भाषांतर करा. ते बोलल्यासारखं, नैसर्गिक मराठी असू दे. ‘सभेला बोलावलेले शेतकरी पुढच्या रांगेत बसले’ असं, ‘शेतकरी जे बोलावले गेले होते ते’ असं नाही. मराठी मुद्दाम इंग्रजीच्या वळणाने लिहिलं तर परत इंग्रजीत जाताना चुका होतच नाहीत, आणि चुका दिसायला तर हव्या आहेत.

२. मूळ उतारा दोन दिवस उघडायचा नाही. त्या दिवसांत फक्त कार्डं बघा आणि काहीतरी सोपं इंग्रजी वाचा.

३. सहाव्या दिवशी तुमच्या मराठीवरून परिच्छेद इंग्रजीत लिहा. मूळ उतारा, शब्दकोश, मोबाइल सगळं बंद. शब्द आठवला नाही तर रेघ मारून पुढे जा. एक ओळ सोडून एक ओळ लिहा.

४. आता मूळ उतारा उघडा आणि सोडलेल्या ओळीत लाल पेनाने फरक लिहा.

प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे, इथे नीट विचार करा. तुम्ही ‘बिग’ लिहिलंत आणि मुळात ‘लार्ज’ असेल तर बरोबरची खूण करा. मुळात ‘द’ आहे आणि तुमच्याकडे काहीच नाही, ही चूक. बरोबर की चूक हे ठरवता येत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हांसाठी शब्दकोशातली उदाहरणवाक्यं आधी बघा. त्यानंतर एआय किंवा व्याकरण तपासणाऱ्या ॲपला विचारायला हरकत नाही, पण स्वतःचं उत्तर आधी वहीत लिहा. लिहिलेलं सगळं आधीच ॲपमध्ये टाकून सुधारून घेतलं की आठवड्याची मेहनत ॲपची होते.

सावधान : तिसऱ्या आणि सहाव्या दिवसातलं अंतर कमी करू नका. त्याच दिवशी परत लिहिलं तर पाठांतर होतं आणि चुका झाकल्या जातात.

टप्पा ४ : चुकांची वर्गवारी आणि तेवढंच व्याकरण (सातवा दिवस)

वहीच्या मागच्या भागात प्रत्येक चूक तीन रकान्यांत लिहा : माझं वाक्य, मूळ वाक्य, प्रकार. मग प्रकार मोजा. ज्या प्रकारात सर्वांत जास्त चुका तोच या आठवड्याचा व्याकरणाचा धडा. बाकीचे पुढे. दोन प्रकारांत चुका सारख्याच असतील तर खालच्या क्रमातला वरचा घ्या. हा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे, कारण क्रियापद चुकलं की वाक्याचा अर्थच हलतो, ‘द’ राहिला तर नुसतं खटकतं.

अ) काळ. आपण ‘-पासून’ दोन ठिकाणी वापरतो : सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. शिवाय ‘मी इथे दोन वर्षांपासून राहतो’ यात मराठी क्रियापद वर्तमानकाळात आहे, म्हणून आपल्या हातून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ निघतं. बरोबर वाक्य : ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स.’

‘हॅव’ की साधा भूतकाळ, याची कसोटी ‘कधी?’ हा प्रश्न. वाक्यात काल, गेल्या वर्षी, २०१९ साली असा संपलेला काळ असेल तर ‘हॅव’ येत नाही. ‘मी काल आलोय’ मराठीत चालतं, ‘आय हॅव कम यस्टर्डे’ चालत नाही. तसंच ‘समजतंय’, ‘हवंय’, ‘आवडतंय’ यांमुळे ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम वाँटिंग’ तयार होतात. नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, बिलीव्ह यांना सहसा ‘-इंग’ लावू नका.

तृतीय पुरुषी ‘एस’ला वेगळा धडा लागत नाही, डोळ्यांची सवय लागते. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नामामागच्या प्रत्येक वर्तमानकाळी क्रियापदाचं शेवटचं अक्षर बोटाने तपासा.

आ) प्रश्न आणि नकार. भूतकाळ एकदाच दाखवायचा. ‘डिड’ने तो दाखवला की मूळ क्रियापद मोकळं : ‘डिड यू गो’, ‘आय डिड नॉट गो’. वाक्याच्या पोटात प्रश्न आला तर त्याची उलटापालट थांबते : ‘व्हेअर इज द स्टँड?’ पण ‘टेल मी व्हेअर द स्टँड इज.’

इ) जोडीची अव्ययं. ‘जरी… तरी’, ‘जेव्हा… तेव्हा’ या मराठी जोड्यांमुळे ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत एकच ठेवायचं, ‘ऑलदो’ किंवा ‘बट’. ही सवय एका आठवड्यात सुटते, म्हणून लवकर उरकून टाका.

ई) ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. मराठीत यांना थेट समांतर काही नाही, त्यामुळे हा प्रकार अनेक महिने पुरतो. प्रत्येक नामापाशी या क्रमाने तीन प्रश्न विचारा. कोणती वस्तू हे वाचणाऱ्याला आधीच कळलंय का? कळलं असेल तर ‘द’. नसेल तर, ती मोजता येते का? मोजता येत असेल तर एक की अनेक? एक असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’, अनेक असतील तर काहीच नाही. ‘आय बॉट अ पेन. द पेन डज नॉट राइट.’ पहिल्यांदा पेन वाचणाऱ्याला नवं आहे, दुसऱ्यांदा ओळखीचं.

न मोजता येणारी काही नामं आपल्याला मोजण्यासारखी वाटतात : ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट. त्यांना ‘अ’ही नाही आणि शेवटी ‘एस’ही नाही. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं : ॲन अवर, ॲन एमएलए, पण अ युनिव्हर्सिटी. विशेषनामांत पुणे, महाराष्ट्र, कळसूबाई यांना काही लागत नाही. नद्या आणि समुद्रांना मात्र ‘द’ : द गोदावरी, द अरेबियन सी.

सरावासाठी उताऱ्याचा एक परिच्छेद सगळे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ गाळून उतरवून घ्या. जागा मोकळी सोडू नका, सलग लिहा. नाहीतर जागाच उत्तर सांगते. दुसऱ्या दिवशी भरा आणि मुळाशी ताडून बघा.

उ) शब्दयोगी अव्ययं. यांचे नियम पाठ करण्यात वेळ घालवू नका. -ला, -शी, -वर, -त हे मराठी प्रत्यय जसेच्या तसे नेल्यामुळे बहुतेक चुका होतात. तिच्याशी लग्न झालं म्हणून ‘मॅरिड विथ’, त्याच्यावर रागावलो म्हणून ‘अँग्री ऑन’, गणितात हुशार म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. हवं ते ‘मॅरिड टू’, ‘अँग्री विथ’, ‘गुड ॲट’. काही क्रियापदांना तर काहीच लागत नाही : ‘डिस्कस द मॅटर’, ‘रीच सातारा’, ‘एंटर द रूम’. ‘मला समजावून सांग’ याचं ‘एक्स्प्लेन मी’ होत नाही, ‘एक्स्प्लेन इट टू मी’ होतं. जिथे चुकलात ती जोडी कार्डावर जाते, एवढाच या प्रकाराचा धडा.

तपासणी : निवडलेल्या प्रकारावर स्वतःच्या आयुष्यातली पाच वाक्यं लिहा. पुस्तकातली नाहीत, खरी. कोणत्या बसने जाता, किती वर्षांपासून नोकरी करता, काल काय स्वयंपाक केला. पाचांपैकी चार बरोबर आली नाहीत तर तोच प्रकार पुढच्या आठवड्यातही चालू ठेवा.

आठवडा चुकला तर

रोज ४० मिनिटं लागतात. परीक्षा, पाहुणे, रात्रपाळी यांत एखादा दिवस जातोच. तेव्हा नवा उतारा सुरू न करता राहिलेल्या पायरीपासून पुढे जा. दोनच गोष्टी सोडू नका : कार्डांची तारीख आणि सहाव्या दिवसाचं उलट भाषांतर. वेळ फारच कमी असेल तर परिच्छेद ३० शब्दांचा घ्या, पण लिहा.

बसमध्ये, लोकलमध्ये वाचायला मात्र दुसरा, सोपा मजकूर ठेवा, शंभरात दोनच अनोळखी शब्द असलेला. त्यावर खुणा नाहीत, कार्डं नाहीत, भाषांतर नाही. सरावाच्या उताऱ्यातून नियम कळतो, पण तो अंगवळणी पडतो भरपूर सोपं वाचून. पुष्कळ जण हा भाग ‘पोरांचं वाचन’ म्हणून टाळतात आणि तिथेच अडकून राहतात.

पातळी कधी वाढवायची

सलग तीन उताऱ्यांत दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत : पहिल्या वाचनानंतरची मराठी वाक्यं मुद्द्याला धरून आहेत, आणि उलट भाषांतरात काळाच्या चुका एक-दोनवर आल्या आहेत. ‘द’च्या चुका उरल्या असतील तरी चालेल. मग एक इयत्ता वर जा, पण पुन्हा १०० शब्द मोजूनच.

आठवी-नववीची भूगोल-विज्ञानाची पुस्तकं या पद्धतीने जमू लागली की वर्तमानपत्राकडे वळा. तेव्हाही अग्रलेखापासून सुरुवात नको. आधी स्थानिक बातम्या घ्या : पाणीकपात, रस्त्याचं काम, शाळेचा निकाल. त्याच बातम्या आदल्या दिवशी मराठी पेपरात वाचलेल्या असतात, म्हणजे तुमची मराठी आवृत्ती तिथेही तयार असते. मथळा शेवटी वाचा, बातमी आधी. अग्रलेखाचा पहिला परिच्छेद दर महिन्याला एकदा मोजून बघा. शंभरात पाचाच्या आत रेघा आल्या की त्या आठवड्याचा उतारा तोच घ्या.